दुसरा हात

आज सकाळपासून खालच्या मजल्यावर कुणीतरी दाराला तेल लावतंय. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचा तो वास जिन्याने वर चढून आमच्या खोलीत येऊन बसलाय. दर ऑक्टोबरात बोरिवलीच्या या सोसायटीत कुणाच्या ना कुणाच्या घरी दिवाळीचं रंगकाम निघतं. पाऊस गेलेला असतो. चार महिने त्याने जे लपवलं ते सगळं ऊन एका आठवड्यात उघडं करतं. भिंतीवरची ओल, फुगलेली दारं, माणसांचे ओढलेले चेहरे. लोक उकाड्याला शिव्या देतात. मला उकाड्याचं काही वाटत नाही, मला त्या वासाने थकायला होतं.

सव्वीस वर्षांची बाई थकले म्हणते हे आमच्या घरात शोभत नाही. आमच्याकडे थकायचा हक्क बाबांचा, आणि त्यांनी तो कधी वापरला नाही.

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. बाबा गिरणीच्या गेटवरून पत्रकं आणत, गुलाबी-पिवळ्या पातळ कागदावरची. आई ती फडताळात डब्यांखाली अंथरायची. तूरडाळीचा डबा उचलला की खालून ‘कामगार बंधूंनो’ वर बघायचे. बाराव्या वर्षी मला ‘नफेखोर’ हा शब्द लिहिता येत होता आणि ‘पाऊस’मधला ऊ ऱ्हस्व की दीर्घ यात मी चुकत होते. कॉलेजात गेले तेव्हा मीच पत्रकं लिहायला लागले. माझी वाक्यं छोटी असत आणि चढ्या आवाजातली. माझं लिहिलेलं गेटवर वाचतात, याचा मला फार अभिमान होता.

बाबा गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे कापड विणायच्या मागांवर. नऊ वर्षं बदली. बदली कामगार रोज सकाळी गेटवर जाऊन उभा राहतो. कुणी कायम माणूस गैरहजर असला तर त्याच्या साच्यावर काम मिळतं, नसला तर घरी. नऊ वर्षं दुसऱ्यांच्या आजारपणावर आमचं घर चाललं. मग बाबा कायम झाले. आईने त्या दिवशी नारळाच्या रसातली खीर केली आणि शेजारणीला सांगताना ‘कायम’ हा शब्द तिने तीनदा वापरला. त्यानंतर दोनच वर्षांनी संप झाला.

मी सांगतेय तो ऑक्टोबर संपाच्या दुसऱ्या वर्षातला. संप मिटला असं कुणी म्हणत नव्हतं, आणि चालू आहे म्हणताना आवाज आपोआप खाली यायचा. आम्ही तेव्हा कांदिवलीला एका खोलीत राहत होतो. बाबांचे हात रिकामे राहत नसत. सुताचा तुकडा दिसला की ते उचलून त्याला विणकराची गाठ मारत, सोडवत, पुन्हा मारत. बसल्या बसल्या माझ्या ओढणीच्या कडेवरून बोट फिरवून म्हणत, “इथे धागो तुटलेलो. बघलंस?” मला काहीच दिसायचं नाही. त्यांना तळव्याला दिसायचं.

बाबल मिस्त्री आमच्या गावचा सुतार. तो एका दुपारी आला आणि उंबऱ्यातच बसला.

“रघ्या, रंगकाम येता मां तुका?”

“माका साचो येता,” बाबा म्हणाले.

“साचो ऱ्हवांदे. ब्रश धर आता. जुहूक एक बंगलो आसा. म्हातारी गुजराती बाई, एकटीच. समुद्राच्या बाजूक लाकडाचो ओटो केलोहा, त्याका तेलाचो रंग देवचो आसा. काम आवाडला तर तुका कायम ठेवतली. लाकडां, बाग, सगळा.”

आई कांदा चिरत होती. ‘कायम’ म्हटल्यावर तिचा हात थांबला. तो थांबलेला हात मला अजून दिसतो. आमच्या घरात त्या दोन वर्षांत कुणीही तो शब्द उच्चारला नव्हता.

बाबल पुढे म्हणाला, “फक्त एक आसा. रंग अमेरिकेचो. डब्यावर सगळा इंग्रजी. चेडवाक घेवन ये वाचूक.”

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. तो गेल्यावर मी भांडले. कॉलेजला दिवाळीची सुट्टी लागलेली, मला वेळ भरपूर होता आणि मुद्दे त्याहून जास्त. गिरणीत कायम असलेला माणूस बंगल्यात नोकर म्हणून कायम होणार? मग गेटवर कोण उभं राहणार? असे एकेक जण गेले तर मालकांना हवंच आहे ते. हक्क असा सोडतात का?

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हक्क खय सोडतंय गो? हक्क थयच आसा. मी फक्त जेवतंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर निघाले.

अंधेरीहून बसने आम्ही जुहूला जायचो, बाबा, मी आणि एका पिशवीत जुने ब्रश. बंगल्याच्या मागे तो ओटा होता. त्या गुजराती बाईंना सगळे बेन म्हणत; त्यांचा मुलगा अमेरिकेत. तिकडे घरोघरी असतो तसा त्याने इथे करून घेतला, जमिनीपासून हातभर उंच, सागवानी फळ्यांचा, दोन पायऱ्या उतरल्या की वाळू. मुलगा त्याला ‘डेक’ म्हणायचा, म्हणून बेनही डेक म्हणायच्या. बाबल ओटा म्हणायचा. बाबा त्याला पहिल्या दिवसापासून ‘खळा’ म्हणू लागले. कोकणात घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला म्हणतात तसं. खळ्यात चप्पल घालून जात नाहीत, म्हणून बाबा त्याच्यावर कायम अनवाणी.

खाऱ्या वाऱ्याने आणि पावसाने फळ्या राखाडी झाल्या होत्या, म्हाताऱ्या गुरांच्या पाठीसारख्या. बाबांनी ओंजळभर पाणी एका फळीवर टाकलं आणि बघत बसले. पाणी क्षणात जिरलं.

“तहानलेला आसा,” ते म्हणाले. “तेल पितला.”

बेनने डबे काढले. तीन रंगछटांचे डबे, मुलाने कुणाबरोबर तरी पाठवलेले. “हेच लावायचं हं, रघुभाई. आपलं इकडचं नको. वाच ना दीकरी, शुं लखेलुं छे.”

डब्यावर मोठ्या अक्षरात ‘वूड स्टेन’ होतं. बाबांनी विचारलं, “स्टेन म्हंजे?”

“डाग,” मी म्हटलं. मला तेवढाच अर्थ माहीत होता.

बाबा हसायला लागले. बरेच दिवसांनी हसत होते, त्यामुळे जरा खोकलेसुद्धा. “माणसां डाग काढूक मरतत, आणि ह्यांका अमेरिकेतसून डाग व्हयो?” बेनला मी ते समजावून सांगितलं, तर त्याही हसल्या. पुढचे सगळे दिवस त्या कामाला आम्ही डागाचं काम म्हणत राहिलो.

मला बेन आवडायच्या नव्हत्या. मी तयारीनिशी गेले होते. समुद्रकाठी बंगला, एकटं माणूस, सात खोल्या. पण त्या दुपारी स्वतः चहा आणायच्या, आम्हाला कपबशीतून, वेगळ्या कपातून नाही. आपल्या मुलाविषयी त्या थोड्या घाबरत बोलायच्या. शत्रू कसा असावा याची माझी जी यादी होती तिच्यात त्या नीट बसत नव्हत्या, आणि मला त्याचाही राग यायचा.

रंग निवडण्यात एक सबंध दिवस गेला. बाबांनी पायरीच्या खालच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, तिन्ही डब्यांतला एकेक पट्टा ओढला. एक काथासारखा आला. एक कडक चहासारखा. तिसरा उकडलेल्या फणसाच्या आठळीसारखा, फिकट तपकिरी, उन्हात किंचित सोनेरी. मग त्यांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली. घरी जवसाच्या तेलात काव घालून ते मिश्रण त्यांनी केलं होतं. त्याचा चौथा पट्टा कुणी न सांगता ओढला. तो लाल आला, गावच्या मातीचा. बेन वाकून बघत होत्या. चौथ्या पट्ट्यापाशी त्या सगळ्यांत जास्त वेळ थांबल्या. मग सरळ होत म्हणाल्या, “आठळीवाला चांगला आहे. मुलाला फोटो पाठवायचा ना.”

बाबांनी बाटलीला बूच लावलं.

फळ्या धुतल्या, दोन दिवस कडक उन्हात वाळू दिल्या, मग पॉलिश पेपरने घासल्या, लाकडाच्या रेषेतूनच, आडवं नाही. बाबा म्हणायचे, लाकडाला ताणा असतो, बाणा नसतो. ताणा म्हणजे कापडाचे उभे धागे, बाणा आडवे. मी घासायला बसले की माझा हात वाकडा जायचा आणि ते मनगट धरून सरळ करायचे. राखाडी कातडी निघाली आणि खालचं सागवान वर आलं, त्याचा वासही. समुद्राचा वारा, उन्हाने तापलेली वाळू, लाकडाचा भुसा पापण्यांवर. खरं सांगायचं तर मी सुखात होते. ते मला तेव्हा कबूल करता आलं नसतं, कारण आम्ही एका बंगल्याची चाकरी करत होतो.

तेल लावायच्या दिवशी मी कागद घेऊन गेले. गिरणीत परत घेताना कामगारांकडून काहीबाही लिहून घेतात अशी बातमी होती, त्यावर पत्रक हवं होतं. मी डबा वाचला. झाकण उघडून ढवळा, हलवू नका. लाकूड कोरडं हवं. भर उन्हात लावू नका. ब्रशने फळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता लावा. एवढं मराठीत सांगितलं. पुढे बारीक अक्षरात आणखी बरंच होतं. ते मी वाचलं नाही. पायरीवर सावलीत बसले आणि पत्रक लिहायला घेतलं.

रंगकामात थराला ‘हात’ म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. बाबांनी पहिला हात दिला तो बघण्यासारखा होता. गुडघ्यांवर बसून, मागे सरकत, एकेक फळी या टोकापासून त्या टोकापर्यंत. साच्यापुढे उभा राहणारा माणूस असा गुडघ्यावर बसलेला मी प्रथमच पाहत होते, आणि चिडून पत्रकात एक वाक्य वाढवत होते.

थोड्या वेळाने त्यांनी पहिल्या फळीवर तळवा टेकला. उचलून पाहिला. पुन्हा टेकला.

“काय गो,” त्यांनी हाक मारली. “ह्या वर ऱ्हवता तेल, ता पुसूक होया काय? बघ मां, लिवलाहा काय.”

डबा माझ्यापासून दोन हातांवर होता. मी मान वर केली नाही. म्हटलं, “नाही बाबा, तसं काही नाही. दुसरा हात द्यायचा सरळ.”

“नक्की?”

“हो म्हटलं ना.”

मी त्या वेळी लिहीत होते ते वाक्य मला पाठ आहे: ‘सही करण्यापूर्वी कागद शेवटपर्यंत वाचून घ्या.’

त्यांनी दुसरा हात दिला.

मी मुद्दाम केलं का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मुद्दाम नाही केलं. पण ते ‘कायम’ मला नको होतं, आणि ज्याचं आपल्याला काही नको असतं त्याच्याकडे आपण नीट बघत नाही. एवढंच मला कळलंय आणि ते पुरेसं वाईट आहे.

डेक वाळला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. लाकडाने पोटभर पिऊन उरलेलं तेल वर साय धरून बसलं. त्यात वाळू चिकटली, माडाची पाती चिकटली, मुंग्या चिकटल्या. आठव्या दिवशी बेनकडे नातेवाईक आले. त्यांची नणंद पांढऱ्या साडीत पायरीवर बसली आणि उठली तेव्हा साडीच्या मागे आठळीच्या रंगाचे सात आडवे पट्टे होते. वाळलं का ते बघायला आम्ही रोज जायचो; तेव्हा बागेच्या कडेला ब्रश धूत होतो. नणंद गुजरातीत काय बोलली ते समजायला गुजराती यायची गरज नव्हती.

बेन आमच्याकडे आल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

“रघुभाई, हे असं कसं झालं? डब्यावर लिहिलेलं असतं ना सगळं?” आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी बोलायला हवं होतं. दोन वर्षं मी गेटवर, कॉलेजात, बसस्टॉपवर लोकांना सांगत होते की खरं बोलायला घाबरायचं नाही. माझ्या जिभेला सवय होती. मी ब्रश पुन्हा बुडवला.

“हिने बरोबर वाचलान, बेन,” बाबा म्हणाले. “माझोच हात जड. साच्यावरचो माणूस मी, मलाच अंदाज नाय आला.”

बेनने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी हातातला ब्रश धूत राहिले. तो केव्हाच स्वच्छ झालेला होता.

पुढचे चार दिवस आम्ही दोघं ते काढत होतो. टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवायची, फळीवर ठेवायची, तेल सुटलं की पत्र्याने हलके खरवडायचं, पुन्हा चिंधी. नखांच्या कडा चिरल्या. टर्पेंटाइन त्यात गेलं की डोळ्यांत पाणी यायचं आणि वाऱ्याचं निमित्त करता यायचं. पहिल्या दिवशी काम सुरू करण्यापूर्वी मी डबा अक्षर न् अक्षर वाचला होता. पंधरा मिनिटांनी वरचं तेल कोरड्या कापडाने पुसून घ्या. एकच पातळ हात पुरे. दुसरा हात लाकूड मागेल तरच. मी ते बाबांना असं सांगितलं जणू मला कुठून तरी नव्याने कळलं होतं. “पुसायचं असतं म्हणे,” मी म्हटलं. ते “हां” म्हणाले. त्यांनी वर पाहिलं नाही.

मग एक पातळ हात दिला आणि पुसला. ते पुसणं बाबांना न शिकवता यायचं. कापडाची घडी तळव्याखाली घेऊन ते फळीवरून असे जायचे की लाकडाच्या रेषा एकेक करून जाग्या व्हाव्यात. संध्याकाळी ऊन तिरपं आलं तेव्हा सगळा ओटा मधासारखा दिसत होता. बेन अनवाणी त्याच्यावर चालल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि पावलं उलटी करून बघितली. स्वच्छ होती.

“सरस,” त्या म्हणाल्या. “फार सरस झालं, रघुभाई.” मग थोडं थांबून, “कायमचं मी मुलाला विचारते हं. त्याला मी साडीचं सांगून बसले ना. त्याचं म्हणणं, अनुभवी माणूस बघ.”

त्यांनी विचारलं असेलही. निरोप आला नाही. पुढच्या वर्षी बाबल मिस्त्रीनेच सांगितलं की तिथे विलेपार्ल्याचा एक पॉलिशवाला लागला, कायम. बाबल वाईट वाटून म्हणाला, “रघ्या, जरा कमी तेल लावलं असतंस तर.” बाबा म्हणाले, “लावक होया होता कमी.” मी तिथेच भाकरी खात होते. मी दुसरी भाकरी घेतली.

गिरणीत बाबांना परत घेतलं नाही. ते आता याच सोसायटीत वॉचमन आहेत, गच्चीच्या जिन्यालगतची ही खोली त्या नोकरीचीच. माझं लिहिणं चालू आहे. माझी वाक्यं अजून चढ्या आवाजातली आहेत, लोकांना आवडतात. गिरण्यांच्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्यांबद्दल मी लिहिते आणि त्यातला शब्दही मागे घेणार नाही. फक्त लिहून झालं की पूर्वी अंगात जे पेटायचं ते आता पेटत नाही. राख नीट सारखी करावी तसं वाटतं. एवढ्या सगळ्या मालकांकडे मी जाब मागितला, आणि घरातल्या एका माणसाला एक वाक्य सांगायला मला सहा वर्षं लागली.

ते मी आज दुपारी सांगितलं. बाबा जेवून ड्यूटीवर निघाले होते. वास घरात भरलेलाच होता. ते चपला घालत म्हणाले, “खालच्यान तेल जास्त लावलान. नाक सांगता.” आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“बाबा, जुहूच्या त्या डब्यावर पुसायचं लिहिलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी बघितलंच नाही. न बघता सांगितलं.”

बाबांनी चपलेत पाय सरकवला. “माका म्हायत होता.”

“कसं?”

“डब्याच्या मागे चित्र होता गो. एक हात, हातात फडको. मी तेवाच बघलेलंय.”

“मग पुसलं का नाही तुम्ही?”

त्यांना या प्रश्नाचं नवल वाटलं. “तू नको म्हटलंस मां,” ते म्हणाले. “तू शिकलेला चेडू. माका वाटला, चित्र दुसऱ्या कसल्या तरी कामाचा असात.”

ते रागावलेले नव्हते. ते मला काही शिकवतही नव्हते. बाहेर हवा कशी आहे ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. तळव्याला कळलेलं, डोळ्यांना दिसलेलं, ते सगळं या माणसाने माझ्या एका ‘हो म्हटलं ना’वर बाजूला ठेवलं होतं. मला वाटत होतं मी त्यांना न वाचलेली गोष्ट सांगितली. मी त्यांना त्यांचेच डोळे खोटे ठरवायला लावले होते.

माफ करा, असं आमच्या घरात कुणी कुणाला म्हणत नाही, त्याला शब्दच नाही. बाबांनी खिशातून डोळ्यांच्या थेंबांचं नवं खोकं काढलं. गेल्या महिन्यापासून त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतोय. खोक्यातला घडी घातलेला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. दोन्ही बाजूंनी इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत.

“दिवसातून किती वेळा घालूचे, तेवढाच सांग. माका उशीर होता.”

मी कागद उलगडून गुडघ्यावर सपाट केला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. औषधात काय काय आहे. कुणी घेऊ नये. उघडल्यावर किती दिवसांत संपवावं. बाटलीचं तोंड पापणीला लागू देऊ नये. जिथे शब्द अडला तिथे थांबले, हा मला कळत नाही म्हणून सांगितलं, आणि पुढे गेले. पहिली बाजू संपली तेव्हा मी कागद उलटला.

बाबांनी एकदा घड्याळाकडे बघितलं. मग चपला काढल्या आणि ऐकायला खाली बसले.